कार्ले खिंडीत बंद पडणारी व्हॅन

१

कार्ले खिंडीच्या चढावर पूनमची व्हॅन पुन्हा बंद पडली, आणि या खेपेला मागून खडी भरलेला टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने वेळीच स्टिअरिंग फिरवलं म्हणून आत बसलेलं पुण्याचं वयस्क जोडपं वाचलं. छपरावर चढायची मागची शिडी तेवढी टेम्पोने ओरबाडून नेली. पूनम रस्त्याच्या कडेला बसून फोनवर रडत होती. पलीकडून तिचा नवरा निकेश म्हणाला, आलोच, घाबरू नकोस. कंपनीतून मोटरसायकल काढून तो खिंडीत पोचला, त्याने टाकीत डोकावून पाहिलं, इंजिनाशी जरा खुडबुड केली, आणि व्हॅन सुरू झाली. नेहमी व्हायची तशीच.

संध्याकाळी घरी आल्यावर पूनमने चावी टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं की आता पुरे झालं. रविवारी तिचे बाबाजीकाका जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर ती गाडी निकेशच्या हवाली करणार होती. पाहुण्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायचं, रात्री गाडीतच झोपवायचं, सकाळी घावणे खाऊ घालायचे, हा सगळा धंदा तिने एकटीने उभा केला होता. यापुढे गाडी निकेश चालवेल आणि ती स्वयंपाकाचं बघेल.

"माझ्या हाताला ती लागत नाही, आई," ती मला म्हणाली. "निकेशने हात लावला की सुरू होते. मग उगाच कुणाचा जीव कशाला घेऊ?"

मी किशोरी. निकेशची आई, पूनमची सासू. मूळची तळा गावची, पण मुलाने रेवदंड्याच्या कोळ्यांची मुलगी केली आणि निवृत्तीनंतर मीही माझं बिऱ्हाड समुद्राकाठी आणलं. नोकरीभर मी मोटार विम्याची सर्व्हेअर होते. जळलेल्या, बुडलेल्या, दरीत गेलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते सांगायचं, हे माझं काम. त्यात एक गोष्ट मी पक्की शिकले. गाडीला बाईचा हात आणि पुरुषाचा हात यातला फरक कळत नाही. तिला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि ठिणगी लागते.

म्हणून पूनमचं बोलणं ऐकून मला वाईट वाटण्याआधी राग आला. रविवारपर्यंत थांब, एवढंच मी तिला म्हटलं. निकेशने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की आई, तुझा हट्ट सोड, जुनी गाडी आहे, चालायचंच.

२

व्हॅन खरोखरच जुनी आहे. गोल नाकाची, पेट्रोलवर चालणारी, इंजिन पाठीमागे. कधीकाळी कुणी परदेशी जोडपं ती जमिनीवरून चालवत हिंदुस्थानात आलं, आणि परतीला विमानाने गेलं. पूनमच्या वडिलांनी, तुळशीरामांनी, ती मुंबईच्या गोदीजवळ धूळ खात पडलेली पाहिली आणि घरी आणली. आत दोघांपुरता पलंग, छोटी मोरी, शेगडी, वर उचलता येणारं छप्पर. तुळशीराम गेले तेव्हा व्हॅन पूनमकडे आली. माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

व्हॅन कोण बिघडवतं यावर गावात एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, कमलेशचं. चौल नाक्यावर त्याचं गॅरेज. त्याला ही व्हॅन विकत हवी होती आणि ते त्याने लपवलंही नव्हतं. निकेश तर छातीठोक सांगायचा की कमलेशच मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतो, म्हणजे कंटाळून पूनम गाडी त्याला स्वस्तात देऊन टाकेल. म्हणून दसऱ्यापासून गाडी कमलेशकडे न्यायचंच निकेशने बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गॅरेजवर गेले आणि कमलेशला सरळ विचारलं की बाबा रे, तू काय काय केलंस त्या गाडीला. त्याचं तोंड आंबट झालं. कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलचा पंप नवा घातला, गाळणी बदलली, प्लग बदलले, ही सगळी यादी त्याने पाठ म्हणून दाखवली. मी आणखी खोदून विचारायला लागले तसा तो हात पुसत उठला.

"मला कशाला विचारताय ताई? मी चोर ना? तुमच्या निकेशभाऊंना विचारा. जे सापडलं ते त्यांना सांगितलंय."

मला वाटलं, स्वारी फुरंगटली आहे. मी तशीच परत फिरले. इतकी वर्षं लोकांच्या बोलण्यातून खोट काढण्यात घालवली आणि समोर ठेवलेलं वाक्य उचललं नाही.

३

मग मी ठरवलं की गाडीलाच विचारायचं. पूनमला म्हटलं, चल, तुला जशी सवय आहे तशीच निघ. फोन मात्र माझ्याकडे दे.

तिची सवय म्हणजे निघताना चौलच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. मध्येच पेट्रोल संपेल ही तिला धास्ती. वाटेत मी तिला एकेक विचारत गेले. पावसाळा ओसरताना गणपतीच्या सुमाराला दुखणं सुरू झालं. दसऱ्यानंतर काही दिवस गाडी झकास चालली, आणि दिवाळीच्या पाहुण्यांना घेऊन निघाल्यावर परत तेच. टाकी अर्धी असली तर लांब जाते, भरलेली असली तर लवकर बंद पडते, हे तिने स्वतः होऊन सांगितलं आणि वर म्हणाली की हे ऐकून निकेश हसला होता.

मला हसू आलं नाही. भरल्या पोटी दम लागणारी गाडी मी पूर्वी कुठेतरी पाहिली होती, पण नक्की आठवेना.

निकेश सोबत असला तर कधी बंद पडते का, हेही मी विचारलं.

"कधीच नाही. तो चोंढीला नाहीतर खिंडीच्या आधी चहाला थांबवतो, पेट्रोल बघतो, आणि मग मुंबईपर्यंत जा. त्याच्या हाताला यश आहे."

अलिबाग मागे टाकून खिंडीचा चढ लागला आणि व्हॅनने दोन आचके दिले. इंजिन गप्प झालं. पूनमने तिला कशीबशी कडेला घेतली. सवयीने ती फोन शोधत होती.

मी मागचं झाकण उघडलं. ठिणगी ठणठणीत होती. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा टिपूस नव्हता. पंपाची नळी काढून पाहिली तर तीही कोरडी. टाकी भरलेली, पंप नवा, आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मग पूनमला म्हटलं, टाकीचं झाकण उघड, आणि कान देऊन ऐक.

तिने चावी फिरवली, झाकण सैल केलं. हुश्श करून टाकीने लांब श्वास आत ओढला. पूनम दचकून मागे सरली. मी नळी जोडली, तिला म्हटलं, आता स्टार्टर मार. थोडी कुरकुर करून इंजिन सुरू झालं. कुणाचाही पवित्र हात लागला नव्हता.

गोष्ट साधी आहे. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी झाकणालाच सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की पंप टाकीला चोखत राहतो आणि शेवटी टाकी पेट्रोल सोडत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी, म्हणून दम लवकर कोंडतो. झाकण एकदा उघडून लावलं की गाडी परत शहाण्यासारखी चालते.

मी झाकण उन्हात धरलं. भोक बुजलेलं होतं. कडेला पांढरी लांबी सुकून बसली होती. तीच लांबी, जी बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत भरतात.

"ही बाबाजीकाकांची आहे," पूनम म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

४

बाबाजी म्हणजे तुळशीरामांचे धाकटे भाऊ. किनाऱ्यावर बोट ओढून तिची डागडुजी चालू होती, तिथेच आम्ही त्यांना गाठलं. त्यांनी काहीच नाकारलं नाही, उलट त्यांना अभिमान होता. पावसाळ्यात व्हॅन त्यांच्या अंगणात उभी होती. बोट शाकारताना करतात तसं त्यांनी तिचंही सगळं केलं. छपराच्या फटी भरल्या, खिडक्यांच्या कडा भरल्या, आणि टाकीच्या झाकणाला भोक दिसलं तेही बुजवलं.

"खारा पानी गेला टाकीत तर इंजिन मेलाच की," ते म्हणाले. "बोटीच्या टाकीला हवेची येगली नली असते, वाकडी. झाकन घट्टच पायजे. झाकनाला भोक कोन ठेवतो?"

दर्यावरच्या माणसाने दर्याच्या हिशोबाने केलेली चूक. त्यात कपट नव्हतं. आपल्यामुळे पोरगी खिंडीत अडकत होती हे कळल्यावर म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि वाळूतच बसला. पूनम त्यांच्या शेजारी बसली आणि हसायला लागली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. गाडी तिच्या हाताला लागत होती, तिचा हात चांगला होता, एवढंच तिला हवं होतं.

मलाही हसायला हवं होतं. पण टाचणीने भोक मोकळं करताना टोकावर जे आलं ते पांढरं नव्हतं. पांढरी लांबी कडेला होती, दगडासारखी कडक, आणि मधून कुणीतरी कोरून काढलेली. कोरलेल्या जागेत दुसरंच काहीतरी भरलं होतं. मऊ, पिवळसर. मी ते बोटावर घेऊन थुंकी लावून चोळलं आणि त्याला फेस आला.

पूनमला काकांकडेच सोडलं आणि चौल नाक्याची रिक्षा केली.

या खेपेला मी कमलेशला नीट विचारलं आणि त्यानेही नीट सांगितलं. दसऱ्याच्या आधी त्यानेच लांबी कोरून भोक मोकळं केलं होतं. निकेश गाडी घ्यायला आला तेव्हा त्याला झाकण दाखवलं, टाकी कशी कोंडते ते समजावलं, आणि पूनमताईंना सांगा म्हणून बजावलं. गाडी त्यानंतर चांगली चालल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. मग अचानक गाडी येणंच बंद झालं, आणि गावात तो चोर ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

"म्हणजे परत बुजवलं कुणीतरी?" त्याने विचारलं.

टाकी गळली तर साबण दाबायचा, पेट्रोलने साबण विरघळत नाही, ही युक्ती गॅरेजवाल्यांना ठाऊक असते. कमलेशला होतीच. पण त्याच्याकडे हात धुवायला पावडर होती, डबाभर निळी पावडर. पिवळा साबण मी गॅरेजात शोधत बसले नाही. कुठे बघायचं ते मला कळलं होतं आणि तिकडे जायला माझे पाय तयार नव्हते.

५

निकेशला कंपनीतल्या रसायनांनी अंगाला खाज सुटते. म्हणून डॉक्टरांनी त्याला गंधकाचा पिवळा साबण दिला आहे. घरात तो एकटाच वापरतो, वास असा की दुसरं कुणी हात लावणार नाही. तो लहान असताना माझ्या स्कूटरची टाकी गळायची. कामावर जायच्या घाईत मी फटीत साबण दाबायची आणि तो शेजारी उकिडवा बसून बघायचा.

मी न्हाणीत जाऊन साबणाला नाक लावलं. मग माझ्या बोटाला लावलं. एकच वास.

एवढी वर्षं मी लोकांच्या गाड्या तपासल्या. भावाने भावाची गाडी जाळलेली पाहिली, बापाने मुलाच्या नावावर खोटा दावा केलेला पाहिला, आणि अशी माणसं घरात काय सोंग घेऊन वावरत असतील असं मला नेहमी वाटायचं. ती सोंग घेत नाहीत. ती रोज आपल्यासोबत जेवतात आणि आमटी छान झाली म्हणतात. माझ्या पोटच्या पोराने मला आणि पूनमला दोघींना फसवलं होतं. मला इतका अपमान वाटला की मी न्हाणीतल्या पाटावर तशीच बसून राहिले.

निकेश कामावरून आला तेव्हा मी झाकण त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटं करून पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

बराच वेळ तो उंबऱ्याकडे बघत बोलत होता. लग्न झाल्यावर पूनम अडली की त्याला हाक मारायची. मग तिचा धंदा चालू लागला, पाहुणे तिचे फोटो काढायला लागले, आणि गावात तो पूनमचा नवरा झाला. गणपतीत गाडी बंद पडली तेव्हा तिने रडून त्याला बोलावलं. त्याने नुसतं पेट्रोल बघायला म्हणून झाकण उघडलं आणि गाडी सुरू झाली. का झाली ते त्यालाही कळलं नव्हतं. कमलेशने समजावलं तेव्हा कळलं. भोक मोकळं झालं आणि तिच्या हाका थांबल्या.

"टेम्पो येईल असं वाटलं नव्हतं, आई. खरंच नव्हतं वाटलं."

"टेम्पो आला नसता तर चाललं असतं?"

मी त्याला सांगितलं की रविवारी सगळ्यांसमोर तू तुझ्या तोंडाने सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. तो हो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण आया ठेवतात.

६

रविवारी बाबाजी आले. कमलेशला मी मुद्दाम बोलावलं होतं, तो ओसरीच्या कडेला अवघडून बसला. पूनम खुशीत होती. तिच्या लेखी रहस्य सुटलं होतं. काकांनी चुकून भोक बुजवलं आणि सासूने ते शोधलं, एवढंच तिला माहीत होतं. जेवणं झाल्यावर तिने पुन्हा चावी आणून निकेशसमोर ठेवली.

ती म्हणाली की दोष माझ्या हातात नव्हता हे आता कळलं, पण खिंडीतली भीती काही जात नाही. इतके महिने एकच माणूस धावून येत होता. त्यामुळे गाडी त्यानेच चालवावी असं तिला अजूनही वाटत होतं.

आम्ही सगळे निकेशकडे पाहत होतो. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते की बोल, आता बोल, अजून वेळ आहे.

त्याने चावी उचलली. खिशात घातली. आणि म्हणाला की काकांची चूक होती खरी, पण गॅरेजवाल्याला इतक्या दिवसांत साधं भोक दिसू नये याचं नवल वाटतं.

कमलेश ताडकन उभा राहिला. मी त्याला हाताने बसवलं. मग मी माझं काम केलं. नोकरीत करायची तसंच, आवाज न चढवता, एकामागून एक. बाबाजींनी लांबी भरली. कमलेशने ती कोरून काढली आणि निकेशला दाखवली. म्हणून दसऱ्यानंतर गाडी चालली. दिवाळीच्या आधी त्याच भोकात साबण भरला गेला, तो गंधकाचा, आणि असा साबण या घरात एकच माणूस वापरतो. झाकण उघडलं की गाडी चालते हे ज्याला ठाऊक होतं, तोच प्रत्येक वेळी चहाला थांबायचा आणि पेट्रोल बघायचा.

बाबाजींनी विचारलं, "व्हय रं निकेश?"

निकेश त्यांच्याकडे वळलाच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"तू माझी आई आहेस का तिची?"

"तुझी आहे. म्हणून तुला आधी सांगितलं होतं."

पूनम ओरडली नाही, रडलीही नाही. मला वाटलं होतं ती काहीतरी फेकून मारेल, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त एक विचारलं.

"टेम्पो घासून गेला. मी रस्त्यावर बसून तुला फोन केला. तू म्हणालास घाबरू नकोस. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो," निकेश म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने खिशातून चावी काढून दिली. काकांना सोडून येते, असं ती मला म्हणाली आणि बाबाजींना घेऊन गेली. व्हॅन सुरू झाल्याचा, मग बाजाराच्या वळणावर गियर बदलल्याचा आवाज ओसरीवर बसून आम्ही तिघांनी ऐकला. कमलेशनेही चपला घातल्या. जाताना तो मला नमस्कार करून गेला, निकेशला नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा माझा फोन वाजला. पूनम माणगावहून बोलत होती. काकांना सोडल्यावर ती थांबलीच नव्हती, घाट ओलांडून मैत्रिणीकडे गेली होती. गाडी कुठेही अडकली नाही, उतारावर तर गाणं म्हणत आले, असं म्हणाली. परवा पाहुणे आहेत, त्यांना तिथूनच घेईन. घरी कधी येणार ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आई, तुम्ही जेवून घ्या, एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

निकेश दारात उभा होता. काय म्हणाली, असं त्याने विचारलं. गाडी छान चालली म्हणाली, असं मी सांगितलं.

"माझ्याबद्दल काही?"

"नाही."

मी त्याचं ताट वाढलं. भात, कालवण, त्याला आवडतो तो माशाचा तळलेला तुकडा. मग माझं ताट घेऊन मी आत स्वयंपाकघरात जाऊन बसले.